लिहिणाऱ्याचे नाव

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका परिसंवादाला मला बोलावले होते. विषय होता, डिजिटल माध्यमांच्या युगात लेखनाचे भवितव्य. माझ्या आधी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी लेखनाचा मृत्युलेखच वाचून दाखवला. पोरे वाचत नाहीत, मोबाइलने अक्षर मारले, ग्रंथालये ओस पडली, आता भाषा जाणार आणि तिच्यामागून संस्कृतीही जाणार, असा एकूण सूर होता. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करीत होतो, की ज्याच्या घरात अक्षर येऊन अवघी एक पिढी झाली त्याने या शोकसभेत कोणत्या नात्याने बसावे? ज्यांच्या माळ्यावर दहा पिढ्यांच्या पोथ्या आहेत त्यांना अक्षर गेल्याचे सुतक असेल. आमच्या घरी अक्षराचे बारसे माझ्याच पाटीवर झाले. ज्याचे बारसे कालपरवा झाले त्याच्या तेराव्याचे जेवण आम्हाला इतक्यात वाढू नका, एवढेच मी तेथे बोललो आणि खाली बसलो. जे बोलायचे राहिले ते येथे लिहितो.

मी साक्रीच्या बाजूचा. माझी आई निरक्षर. लोकांच्या शेतात निंदणी-खुरपणी करून तिने आम्हाला शिकवले. घरात कोणताही कागद आला, तलाठ्याचा, सोसायटीचा, शाळेचा, नाही तर नुसती लग्नाची पत्रिका, की तो मी वाचून दाखवायचो. मजकूर पुरा व्हायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "हाई कोनी लिखं?" काय लिहिले आहे ते तिच्या लेखी दुसरे, आधी ते कोणी लिहिले. लहानपणी मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटे. पदवी घेतली, एम. ए. झालो, नेट-सेट झालो, तेव्हा कुठे कळले की अख्ख्या साहित्यशास्त्रात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. तिच्या आयुष्यात कागद नेहमी दुसऱ्याने लिहिला आणि आपल्यावर लागू झाला. कागदापासून भ्यायचे की त्याच्यावर भरवसा ठेवायचा हे लिहिणाऱ्या हातावरून ठरत असे.

म्हणून माझे म्हणणे असे, की लेखन जगेल की मरेल हा आपला प्रश्नच नाही. लेखन मेलेले नाही. माझ्या वर्गातली पोरे दिवसभरात अंगठ्याने जेवढे लिहितात तेवढे त्यांच्या सात पिढ्यांनी मिळून लिहिले नसेल. आपला प्रश्न निराळा आहे. या लिहिलेल्या शब्दाला कोणी धनी राहणार आहे काय? आणि तो शब्द कोणाच्या पेटीत राहणार आहे?

दलितांचे लेखन साक्ष म्हणून जन्माला आले. साक्षीला नाव लागते, गाव लागते, तारीख लागते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जाहिरात नाकारणाराही नावागावाचा होता. कोणी नाकारले ते ठाऊक होते, म्हणून शंभर वर्षांनीही त्याचा जाब विचारता येतो.

छापलेल्या कागदाला नाव असावे असा कायदाच होता. १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर आणि छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण घालावे लागे. गावच्या जत्रेच्या हँडबिलाच्या तळाशीदेखील बारीक अक्षरात कुठल्या तरी प्रिंटिंग प्रेसचे नाव असते, ते त्यामुळेच. इंग्रज सरकारने हा कायदा आपल्या कल्याणासाठी केला नव्हता. लिहिणाऱ्यावर नजर ठेवावी, वेळ आली तर पकडता यावे, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी नियतकालिकांसाठी नवा कायदा केला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. हेतू काहीही असो, त्या जुन्या कायद्याने दीडशे वर्षे एक सवय लावली: छापील शब्दाच्या मागे कोणीतरी उभा असतो. त्या कोणाला तरी शिव्या देता येतात, कोर्टात खेचता येते, त्याच्या छापखान्यावर मोर्चा नेता येतो. छापखाना परवडणारे थोडे होते आणि त्यात आपण नव्हतो, ही त्या व्यवस्थेची विषमता. ती मी विसरलेलो नाही. पण मोबाइलने ती विषमता मोडताना ही सवयही मोडली. शब्द सर्वांच्या हाती आला, पण बिनधन्याचा होऊन आला.

त्याचा अर्थ काय होतो हे आमच्या तालुक्याने पाहिले आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील, पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतील राईनपाडा हे आदिवासी गाव. त्या दिवशी तेथे आठवडेबाजार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्या समाजाचा पिढीजात धंदा. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश आणि चित्रफिती जो तो पुढे पाठवीत होता. बाजारात संशय उठला, जमाव जमला, मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि तेथेच जमावाने त्यांना ठार केले. पाचही जणांना. मुले पळवणारी टोळी नव्हतीच.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. सोमवारी वर्गात गेलो तर कोणी मान वर करीना. त्यातले काही त्याच पट्ट्यातून येणारे. मी त्यांना काय शिकवणार होतो? तसा संदेश माझ्याही मोबाइलवर आला होता. एका नातलगाने पाठवलेला. मी तो पुढे पाठवला नाही, याचे मी बरेच दिवस समाधान मानले. पण पाठवणाऱ्याला "हे कोणी लिहिले?" असे मीही विचारले नव्हते. माझ्या निरक्षर आईने विचारले असते.

हे यंत्र कसे चालते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते 'लोक अडाणी आहेत' एवढ्यावर हा विषय मिटवतात. मोबाइलवरचा संदेश एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पुढे पाठवला की मूळ लिहिणाऱ्याचे नाव पहिल्याच पायरीला गळून पडते. घेणाऱ्याला दिसते ते फक्त शेवटच्या हाताचे नाव. तो हात असतो काकाचा, मेव्हण्याचा, शाळेतल्या गुरुजींचा. म्हणजे मजकूर अनोळखी माणसाचा आणि भरवसा घरच्या माणसाचा. दवंडी पिटणाऱ्याला गाव ओळखत असे, आणि ही दवंडी कोणाच्या हुकमावरून, हेही गावाला ठाऊक असे. येथे दवंडी आहे, हुकूम देणारा नाही. व्हॉट्सॲपवरील संदेश कुलूपबंद असतात, पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ते खुद्द कंपनीलाही वाचता येत नाहीत. खाजगी बोलण्यासाठी ही सोय चांगली आहे, चळवळीच्या माणसाला तर हवीच. पण दहा हजार लोकांपर्यंत गेलेला मजकूर खाजगी कसा म्हणायचा, याचे उत्तर त्यात नाही. त्या काळात देशभर फिरत असलेली एक चित्रफीत तर कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जाहिरात. मोटारसायकलवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात आणि शेवटी परत आणून सोडतात. कोणीतरी शेवट कापला आणि ती आपल्याकडे सोडून दिली. कापणारा कोण, हे कोणालाच माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात देशात जागोजागी अशी माणसे मारली गेल्यावर जुलै २०१८ मध्ये कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तसा शिक्का मारायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळ फिरलेल्या संदेशासाठी ती मर्यादा एकावर आणली. वेग कमी झाला. लिहिणाऱ्याचे नाव मात्र परत आले नाही.

पण सगळे पाप यंत्राच्या माथी मारून मोकळे होणेही मला मान्य नाही. मारणारे आदिवासी होते, मेलेले भटके होते. दोघेही या व्यवस्थेच्या तळाचे. भटका म्हणजे चोर, परका म्हणजे पोरे पळवणारा, हा संशय मोबाइलने आणला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो सरकारी कागदावर लिहिला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरून पुसलेले मनातून पुसले गेले नाही. तो मजकूर बाजारच्या दिवशी मोबाइलवरच्या मजकुराला येऊन मिळाला, आणि ज्याला स्वतःलाच कागदाने आजवर लुबाडले तो आदिवासी या वेळी कागदावर विश्वास ठेवून बसला. दलित साहित्याने भटक्यांच्या जगण्याबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जे लिहिले ते राईनपाड्याच्या बाजारापर्यंत पोहोचले नाही. बिनधन्याचा खोटा मजकूर पोहोचला. आपल्या लेखनाच्या भवितव्याचा विचार मला येथून सुरू करावासा वाटतो.

याच माध्यमाने आपल्याला दिलेलेही सांगितले पाहिजे, नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. मोठी वर्तमानपत्रे पुष्कळ दिवस एक तर गप्प होती, नाही तर भलतेच छापत होती. सत्यशोधन अहवाल, छायाचित्रे, मोर्च्यांचे निरोप ई-मेलने आणि एसेमेसने फिरले, आणि नोव्हेंबरात माणसे रस्त्यावर आली. त्या निरोपांनाही पुष्कळदा लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. पण त्यांच्या मुळाशी जे अहवाल होते त्यांवर सह्या होत्या. कोण गेले, कोणत्या दिवशी गेले, कोणाशी बोलले, हे त्यात लिहिलेले होते. मला फरक येथे दिसतो.

आता दुसरा प्रश्न, पेटीचा.

दोन वर्षांपूर्वी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "सर, बाबासाहेबांचा चाळीसगावला टांगा उलटला होता, हे खरं आहे का?" त्याला कुठेतरी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' सापडले होते. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या या आठवणी. त्यांतला एक प्रसंग आपल्या खानदेशातला आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सभासद होते आणि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे होते. धुळे लाइनवरच्या एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावी उतरले. स्टेशनवर टांगे पुष्कळ होते, पण महाराला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे महारवाड्यातल्या लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. आयुष्यात कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हे त्यांना त्या दिवशी पुन्हा एकदा कळले.

चाळीसगाव-धुळे लाइनवरून आमची पोरे आजही जातात. त्या मुलाने हा मजकूर वाचला तो अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, फुकट, पिंपळनेरच्या एसटीत बसून. पण तो तेथवर आला कसा? बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील हे लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. त्यांच्या निधनानंतर अप्रकाशित कागदपत्रांच्या पेट्या वर्षानुवर्षे कोर्टाच्या ताब्यात पडून होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे टिपण पुस्तिका म्हणून छापले ते १९९० मध्ये, आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले १९९३ मध्ये. ती ग्रंथमाला वसंत मून यांनी एकेक कागद जुळवून उभी केली. म्हणजे लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये पेटी सांभाळणारा, अक्षर लावणारा, छापणारा आणि मग संगणकावर चढवणारा अशी माणसांची रांग उभी आहे. त्यातला एकही हात निसटला असता तर माझ्या विद्यार्थ्याला चाळीसगावची फरशी ही नुसती फरशी राहिली असती.

आणि छापील प्रतीची हमी तरी कोठे आहे? याच ग्रंथमालेची छपाई रखडल्याची बातमी वाचून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रेस जून २०१६ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाला. तेव्हा कागद पक्का आणि संगणक कच्चा, अशी भोळी समजूत मी बाळगत नाही. सांभाळण्याची इच्छा असलेली माणसे आणि त्यांच्या हाती असलेली जागा, या दोनच गोष्टी पक्क्या.

आमच्या धुळ्यात याचे उत्तम उदाहरण आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जमवलेल्या कागदांसाठी त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली रामदासी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. त्या मंडळींच्या श्रमाला मी नमस्कार करतो. मठामठांतून पोथी शोधत फिरणे सोपे नव्हते. पण त्याच वर्षांत त्याच खानदेशात सभा भरत होत्या, जलसे होत होते, पत्रके निघत होती. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. त्या दिवसाची आठवण म्हणून अजूनही दरवर्षी तेथे हजारो माणसे जमतात. त्या दिवसांची पत्रके, हिशेबाच्या वह्या, सभेच्या नोटिसा शोधत महारवाड्यातून कोण हिंडले? पोथीला रेशमी रुमाल मिळाला, आमच्या वहीला वाळवी.

हे मी तक्रार म्हणून सांगतो तसे कबुलीजबाब म्हणूनही सांगतो. माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत चळवळीची कागदे होती, त्रैमासिकांचे जुने अंक होते, जलशाच्या गाण्यांची एक वही होती. मी शिकायला बाहेर गेलो आणि एका पावसाळ्यात त्या पेटीचा लगदा झाला. एम. ए. करताना मी गावातल्या म्हाताऱ्यांकडून काही गाणी टिपून एका टायपिंगच्या दुकानात संगणकावर चढवली आणि ती तबकडी मोठ्या अभिमानाने जपली. पुढे उघडून पाहिली तर पानभर चिन्हांचा चिवडा. कारण साधे होते. त्या काळी मराठीचे फाँट ज्याचे त्याचे असत. पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या पोटात ते भलतेच इंग्रजी अक्षर असे, आणि तो फाँट नसला की मराठी नाहीशी. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ही सोय १९९१ पासून आहे, पण दुकानादुकानांत ती पोहोचायला पुढे वीस वर्षे गेली. ज्यांचे लिखाण अशा जुन्या फाँटमध्ये अडकले आहे त्यांनी ते आजच बदलून घ्यावे. बदलून देणाऱ्या सोयी फुकट मिळतात.

दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेल्या दुकानाचेही तसेच आहे. ऑर्कुट नावाची जागा होती, तेथे आपल्या पहिल्या संगणक शिकलेल्या पोरांनी हिरिरीने वाद घातले. ती ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. टिकटॉकवर आमच्या पाड्यांवरची पोरे अहिराणीत बोलायला लागली होती. २९ जून २०२० ला सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य, हा विषय वेगळा. पण त्या पोरांचे बोलणे कोणाच्या पेटीत होते हे त्या दिवशी कळले.

अलीकडे आणखी एक प्रकार सुरू झाला आहे. 'माझे गाव' या विषयावर एका मुलाने निबंध दिला. भाषा इतकी गुळगुळीत की हात लावला तर घसरावा. खळाळणारा ओढा, हिरवी शेते, पारावरच्या गप्पा. त्याच्या गावाला एप्रिलपासून टँकर लागतो हे मला ठाऊक आहे. विचारल्यावर त्याने सांगून टाकले, की मोबाइलमधल्या यंत्राला सांगून लिहून घेतला. मी रागावलो नाही. त्यालाच विचारले, "यात तुझी माय कुठे आहे?" ते यंत्र लबाड नाही. त्याला आजवरचे लिखाण खाऊ घातलेले असते आणि पुष्कळांनी जे पुष्कळदा लिहिले तेच ते पुन्हा जुळवून देते. मराठीत पुष्कळदा कोणी लिहिले? ओढा आणि पार कोणाच्या वाट्याचे होते? २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून 'खानदेशी' सांगणारे साडेअठरा लाख भरले, पण त्यांचे लिहिलेले किती? मावची, भिली, कोकणी बोलणाऱ्यांची तर बातच सोडा. जे आपण लिहून ठेवले नाही ते या यंत्राला कधी कळणार नाही, आणि उद्या पोरे त्यालाच विचारून आपला इतिहास लिहितील. वामनदादा कर्डक मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर शिकले आणि त्यांची गाणी तोंडोतोंडी खेडोपाडी गेली. आज तीच गाणी मोबाइलवर लाखो वेळा वाजतात, आणि पुष्कळ ठिकाणी खाली गाणाऱ्याचे नाव असते, कंपनीचे असते, लिहिणाऱ्याचे नसते.

मग करायचे काय? मोठी संस्था काढण्याची ऐपत आमची नाही. आम्ही मराठीचे दोन-तीन शिक्षक मिळून एक साधी नोंदवही चालवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एक साक्ष लिहायची: घरच्या किंवा पाड्यावरच्या एका माणसाने सांगितलेली, त्याच्याच बोलीत. वर तीन रकाने: सांगणार, लिहिणार, गाव व तारीख. मग ती युनिकोडमध्ये टाइप करायची, दोन प्रती कागदावर काढायच्या, एक ग्रंथालयात, एक त्या घरी. संगणकावरची फाइल तिघांकडे. एकीच्या मोबाइलमध्ये आजीचा दोन तासांचा आवाज होता, मोबाइल बिघडला आणि आवाज गेला, आजी त्याआधीच गेली होती. तेव्हापासून तीन हा आकडा ठरला.

यात एक गाठ आहे, ती मला पुरती सुटलेली नाही. नावाचा मी एवढा आग्रह धरतो, पण आपल्या माणसाला नाव धोक्याचेही असते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्याचे कारण सांगितले गेले. पश्चिमेकडच्या पाड्यावरची एक मुलगी मला म्हणाली, "सर, मी खरं लिहीन, पण नाव घालणार नाही. नाव घातलं तर खोटं लिहावं लागेल." तिचे खरे होते. त्यावर आम्ही जुन्या वर्तमानपत्रांची रीत उचलली. वाचकांच्या पत्रव्यवहारात नाव छापू नये अशी विनंती असे, पण संपादकाजवळ ते नाव असे, आणि जबाबदारी तो घेई. तसे काही नावे फक्त कपाटातल्या वहीत आहेत, मोबाइलवर कोठेही नाहीत. धनी आहे, पण त्याला चव्हाट्यावर उभे केलेले नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. माझी बदली झाली तर ती कोणाकडे, हे अजून ठरायचे आहे.

पहिल्या वर्षी पोरांबरोबर मीही एक साक्ष लिहिली, माझ्या आईची. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची होती आणि आपल्या आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जात असे. छापून आलेले पान मी तिला वाचून दाखवले. शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "हाई कोनी लिखं?" मी म्हणालो, सांगणार तू आणि लिहिणार मी, दोघांची नावे वर आहेत, हा तुझा रकाना. तिने त्या जागेवर बोट ठेवले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तू सुकडीनं काहीच लिखं नही." कामावर पोरांना सुकडी मिळत असे, तिच्यासाठीच ती आईच्या मागे उन्हात जात असे. सांगताना तिने ते दोनदा सांगितले होते आणि मला ते लिहिण्याजोगे वाटले नव्हते. सुकडीची दोन वाक्ये घालून ते पान पुन्हा छापून आणले.